चाललेला जोक फेकून देणारी माणसं: माझे सहा आवडते स्टँडअप कॉमेडियन

रात्री जेवण झालं, फोन हातात घेतला की दहा रील्समध्ये दोन तरी स्टँडअपच्या निघतात. माइक धरलेला कुणीतरी पुढच्या रांगेतल्या माणसाला विचारतो, "काय करता?" तो म्हणतो, "आयटी." पुढच्या सेकंदाला अख्खा हॉल हसतो, आपणही हसतो आणि अंगठा पुढच्या रीलवर जातो.

आपल्याला वाटतं, काय हजरजबाबी माणूस आहे! असतोच. पण ज्या एका तासासाठी लोक तिकीट काढून येतात तो तास असा सुचत नाही. तो वर्ष-दीड वर्ष घासून तयार होतो. आणि ज्या कॉमेडियन्सचं नाव वर्षानुवर्षं टिकतं, त्यांच्यात एक विचित्र सवय सापडते. तास मस्त जमला, पैसे मिळायला लागले, लोक तोच जोक पुन्हा मागायला लागले की ही माणसं तो सोडून देतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात करतात.

असं का? हे समजून घ्यायला माझ्या आवडीच्या सहा जणांची गोष्ट सांगतो. त्याआधी थोडं बेसिक.

स्टँडअप आणि एकपात्रीत फरक काय?

एकटा माणूस स्टेजवर उभा राहून तासन् तास हसवतो, हे मराठी माणसाला नवीन नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच ५२ पात्रं रंगवायचे.

पण एकपात्रीत कलाकार पात्रं उभी करतो. संहिता ठरलेली असते आणि ती पाचशे वेळा पाहायलाही लोक येतात. स्टँडअपमध्ये माणूस स्वतः म्हणून बोलतो, निदान तसं भासवतो. "परवा माझ्या बाबतीत असं झालं" ही त्याची सुरुवात असते. त्यामुळे तोच जोक तीन वर्षांनी ऐकवला तर लोक म्हणतात, "अरे, हे झालं ना सांगून!" गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं की जास्त आवडतं. जोकचं उलट असतं, कारण त्यात पुढे काय येणार हे माहीत नसणं हीच गंमत असते.

जोक तयार कसा होतो?

ओपन माइक म्हणजे कुणीही नाव नोंदवून पाच-सात मिनिटं बोलून बघायची जागा. पुण्यात अशाच एका ओपन माइकला गेलो होतो. खुर्च्या तीस, माणसं चौदा, त्यातले नऊ जण स्वतः कॉमेडियन, आपला नंबर यायची वाट बघत बसलेले. एक मुलगा आला आणि म्हणाला, "माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर झालेत, पण सवय जात नाही. घरात पण सगळ्यांना सांगतात, पुढे सरका, पुढे सरका." कुणी हसलं नाही. मागे कॉफी मशीनचा आवाज तेवढा आला.

तीन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा दिसला. या वेळी तो म्हणाला, "वडील तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, त्या दिवशी आई, ताई आणि मी सोफ्यावर बसलो होतो. ते दारात उभे राहिले. आमच्याकडे बघितलं. म्हणाले, अजून तिघं बसतील."

हॉल फुटला.

काय बदललं? 'सवय जात नाही' हे स्पष्टीकरण गेलं, कारण तिथेच लोकांना पुढचं कळत होतं. त्याच्या जागी सोफा आला, दार आलं, डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आणि हसवणारं वाक्य अगदी शेवटी गेलं. पहिल्या भागाला म्हणतात सेटअप, शेवटच्याला पंच.

मग त्याच्या सेटच्या शेवटी तो मुंबईला नोकरी लागल्याचं सांगत होता. भाड्याची दहा बाय दहाची खोली वडिलांना दाखवायला नेली. "ते बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मला वाटलं, आता रडतात. मग म्हणाले, अजून तिघं बसतील." याला कॉलबॅक म्हणतात. आधीचा पंच नव्या जागी परत येतो आणि दुप्पट लागतो. लोक हसता हसता गप्पही झाले होते.

पण हा जोक चालण्याआधी चौदा लोकांसमोर पडला होता. पडला नसता तर सुधारला नसता. हे डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१. रिचर्ड प्रायर: चालू शोमधून निघून गेलेला माणूस

गोष्ट आहे १९६७ ची. अमेरिकेतलं लास वेगास, अलादीन हॉटेल, प्रेक्षक खचाखच. रिचर्ड प्रायर तेव्हा टीव्हीवर दिसणारा, गोड बोलणारा कॉमेडियन होता. कृष्णवर्णीय असूनही गोऱ्या प्रेक्षकांना जराही टोचणार नाही असा. बिल कॉस्बीची शैली त्याने जवळजवळ उचललीच होती. तो स्टेजवर आला, समोरच्या लोकांकडे बघितलं, 'मी इथे काय करतोय?' असं काहीतरी बोलला आणि चक्क निघून गेला.

पुढे काही काळ तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला राहिला. परतला तेव्हा माणूस वेगळा होता. इलिनॉयमधल्या पिओरिया गावात तो आजीच्या घरी वाढला होता आणि ती आजी वेश्यागृह चालवायची. तिथली दारुडी, जुगारी, बोलभांड माणसं आता त्याच्या तोंडून बोलायला लागली. 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' या १९७९ च्या फिल्ममध्ये त्याने स्वतःचा हार्ट अटॅक करून दाखवलाय. त्याचंच हृदय त्याला दरडावतं आणि तो छाती धरून जमिनीवर लोळतो. बघताना आपण हसतो आणि घाबरतोही.

१९८० मध्ये कोकेनच्या नशेत त्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि थोडक्यात वाचला. १९८२ च्या फिल्ममध्ये त्यावरही तो बोलला. त्याच कार्यक्रमात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी एक शिवी त्याच्या विनोदात सर्रास असायची, त्याच्या गाजलेल्या अल्बमच्या नावातही होती. केनियाला जाऊन आल्यावर त्याने ती सोडली. ज्या शब्दाने टाळ्या मिळत होत्या तोच त्याने टाकला. अमेरिकेत विनोदासाठी दिला जाणारा मार्क ट्वेन पुरस्कार १९९८ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिला मानकरी प्रायरच होता.

२. जॉर्ज कार्लिन: दर वेळी पाटी कोरी

प्रायरच्याच काळात जॉर्ज कार्लिनही सूट-टाय घालून टीव्हीवर सभ्य विनोद करायचा. पैसा उत्तम होता. पण बाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते, त्याच्या मनातलं वेगळंच होतं आणि स्टेजवर तो हवामानाच्या बातम्यांची टिंगल करत होता. १९७० च्या आसपास त्याने केस वाढवले, दाढी ठेवली, सूट गेला, जीन्स आली. मोठ्या हॉटेलांमधली कामं गेली.

१९७२ च्या त्याच्या अल्बमचं नाव 'एफएम अँड एएम'. एका बाजूला जुना कार्लिन, दुसऱ्या बाजूला नवा. त्याच अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी टीव्हीवर कधीच बोलता येणार नाहीत अशा सात शब्दांवरचा त्याचा किस्सा आला. तो मिलवॉकी शहरात सादर केल्यावर त्याला अटक झाली, खटला पुढे निकालात निघाला. हाच विषय एका रेडिओ केंद्राने लावला आणि वाद थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल सरकारी नियामकाच्या बाजूने लागला. म्हणजे रेडिओ-टीव्हीवर काय चालेल याचा कायदा समजून घ्यायला आजही एका विनोदापासून सुरुवात करावी लागते.

मला कार्लिन आवडतो तो मात्र त्याच्या शिस्तीसाठी. १९७७ ते २००८ या काळात त्याने एचबीओ वाहिनीसाठी १४ स्पेशल केले. स्पेशल म्हणजे रेकॉर्ड केलेला पूर्ण लांबीचा शो. एकदा तो प्रसारित झाला की तो मजकूर बाजूला ठेवायचा आणि पुढच्याची जुळवाजुळव सुरू करायची. शेवटचा स्पेशल मार्च २००८ चा, जून २००८ मध्ये तो गेला. सत्तरी उलटल्यावरही तो नवीन लिहीत होता.

३. जॉनी लिव्हर: साहेबांची नक्कल आणि नाव

आता मुंबईत या. जॉन प्रकाश राव जानुमाला. तेलुगू ख्रिश्चन कुटुंबातला, धारावीत वाढलेला मुलगा. परिस्थितीमुळे शाळा सुटली. तो रस्त्यावर पेनं विकायचा, तीही फिल्मस्टार्सच्या आवाजात, म्हणजे गिऱ्हाईक थांबायचं. पुढे वडिलांसारखाच तो हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात लागला.

तिथल्या एका कार्यक्रमात त्याने कंपनीच्या साहेबांच्या नकला केल्या. समोर बसलेल्या कामगारांना हसून हसून पुरेवाट झाली आणि तेव्हापासून तो जॉनी लिव्हर झाला.

जरा विचार करा. अशोक कुमारची नक्कल कुठेही चालते आणि त्यात धोका शून्य. उद्या ज्याच्यासमोर कामाला उभं राहायचंय त्या साहेबाची नक्कल करायला हिंमत लागते, आणि रोज त्याचं निरीक्षण केलेलं असावं लागतं. लोक आवाजाला हसत नव्हते. 'हे तर आपल्या मनातलं' म्हणून हसत होते.

१९८१ मध्ये त्याने ती पक्की नोकरी सोडली. कारखान्यातली नोकरी म्हणजे त्या काळी घरातल्या चार माणसांचा आधार. कल्याणजी-आनंदजींच्या स्टेज शोमधून तो गाजला, 'हंसी के हंगामे' ही कॅसेट घरोघरी वाजली आणि सुनील दत्त यांच्या 'दर्द का रिश्ता'पासून सिनेमाही सुरू झाला. आज तो सिनेमातला विनोदी नट म्हणून माहीत आहे. पण भारतात हातात माइक घेऊन एकट्याने हसवणं हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

४. जेरी साइनफेल्ड: जोक्सची अंत्ययात्रा

पुन्हा अमेरिका, साल १९९८. 'साइनफेल्ड' ही मालिका तुफान लोकप्रिय असतानाच मे महिन्यात संपली. जेरी साइनफेल्डला पुढे आयुष्यभर काही केलं नाही तरी चाललं असतं.

त्याने काय केलं? ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक शो केला, 'आय अॅम टेलिंग यू फॉर द लास्ट टाइम', म्हणजे हे शेवटचं सांगतोय. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: जोक्सची अंत्ययात्रा. शवपेटीत जुने जोक, आजूबाजूला काळ्या कपड्यातले कॉमेडियन दोस्त. वीसेक वर्षांत जमवलेला सगळा मजकूर त्याने त्या रात्री सांगितला आणि कायमचा बंद केला.

पुढचा भाग २००२ च्या 'कॉमेडियन' या माहितीपटात आहे. जगातल्या सगळ्यात यशस्वी कॉमेडियनपैकी एक माणूस लहान लहान क्लबमध्ये पाच मिनिटं मागतो. बोलता बोलता पुढचं विसरतो. समोरचे लोक अवघडून बघत बसतात. प्रसिद्ध चेहऱ्याला सुरुवातीची टाळी मिळते, पण दोन-तीन मिनिटांत ती संपते. मग जोक लागतो.

स्टँडअप करायचं मनात असेल तर आधी हा माहितीपट बघा.

५. टिग नोटारो: "नमस्कार, मला कॅन्सर आहे"

२०१२ हे साल टिग नोटारोसाठी फार वाईट गेलं. आधी न्यूमोनिया, मग आतड्याचं गंभीर इन्फेक्शन. ती त्यातून उठते न उठते तोच आई पडल्याचं निमित्त होऊन गेली. नातं तुटलं. आणि मग स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं.

३ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये तिचा शो ठरलेला होता. तिच्याकडे जुने, हमखास चालणारे जोक होते. ती आली, लोकांना नमस्कार केला आणि त्याच सुरात सांगून टाकलं की मला कॅन्सर आहे. लोकांना वाटलं, ही जोकची सुरुवात आहे. हळूहळू कळलं की खरं आहे. काही हसत होते, काही रडत होते, आणि तीच प्रेक्षकांना धीर देत होती.

मध्येच तिने विचारलं की हे थांबवून साधे जोक सांगू का? प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, नाही, हेच चालू दे. शेवटी मात्र तिने हायवेवरच्या मधमाशीचा आपला जुना जोक सांगितलाच. एरवी साधा असलेला जोक त्या रात्री कुठल्या कुठे गेला, कारण आता सांगणारी कोण आहे हे लोकांना माहीत होतं. त्या शोचं रेकॉर्डिंग 'लाइव्ह' नावाने निघालं आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचलं.

विनोदाने दुःख हलकं होतं, असं आपण सहज म्हणतो. हे रेकॉर्डिंग ऐकताना दुःख तेवढंच राहतं. फक्त ते एकटीने उचलावं लागत नाही.

६. झाकीर खान: 'सख्त लौंडा' ते आजोबा

यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. इंदूरचा, संगीताची परंपरा असलेल्या घरातला मुलगा. २०१२ मध्ये एका कॉमेडी वाहिनीची देशपातळीवरची स्पर्धा जिंकला. 'सख्त लौंडा' हा त्याचा शब्द कॉलेजच्या कट्ट्यांवर पोचला, टी-शर्टवर आला. प्रेमात माती खाल्लेल्या प्रत्येक मुलाला तो आपला वाटला.

तेच आणखी दहा वर्षं चाललं असतं. पण २०२२ च्या 'तथास्तु'मध्ये तो मुख्यतः बोलतो ते आजोबांबद्दल, घराबद्दल, निघून गेलेल्या माणसाबद्दल. मध्ये मोठे पट्टे असे आहेत की कुणी हसत नाही, आणि त्याला त्याची घाई नाही. स्टँडअपमध्ये शांतता म्हणजे मरण. ती मुद्दाम निर्माण करून सांभाळता येणं ही फार पुढची गोष्ट आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने शो केला, तोही हिंदीत.

मग यात आपला काय संबंध?

आता त्या रीलकडे परत येऊ. कॉमेडियन जास्त करून प्रेक्षकांशी केलेल्या गप्पांच्याच रील्स का टाकतात, असा प्रश्न पडलाय कधी? या प्रकाराला क्राउड वर्क म्हणतात. कारण साधं आहे. लिहिलेला जोक इंटरनेटवर गेला की संपला, तिकीट काढून आलेल्या माणसाला तो आधीच माहीत असतो. गप्पा मात्र रोज नव्या. म्हणजे रीलमध्ये आपल्याला दिसतो तो मिठाईच्या दुकानातला चवीपुरता तुकडा. मिठाई आत आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डेव्ह शॅपेलच्या शोला जाताना प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पाकिटात ठेवले जातात. अनेकांना हे नखरे वाटतात. पण तो कंडक्टरचा मुलगा आठवा. त्याचा पहिला, पडलेला जोक कुणी शूट करून 'हे बघा आजकालचे कॉमेडियन' म्हणून टाकला असता तर? खाली शिव्या, मीम्स, गावाकडून नातेवाइकांचे फोन. 'अजून तिघं बसतील' हे वाक्य कधी जन्मालाच आलं नसतं.

मोठ्या नावांचंही तसंच. नवीन जोक आधी चुकीचाच असतो. कधी तो नुसता पचका असतो, कधी जास्तच बोलून जातो, कुणाला लागतो. छोट्या खोलीत समोरच्यांचे चेहरे बघून कॉमेडियनला कळतं की इथे हद्द ओलांडली, आणि तो दुरुस्त करतो. तीच कच्ची वीस सेकंदं लाखो लोकांसमोर गेली की दुरुस्तीची जागाच उरत नाही. मग शहाणा माणूस काय करेल? जे आधी चाललंय तेच करत बसेल. बायको-नवऱ्याचे जोक, आयटीवाल्यांचे जोक, पुणे-मुंबईचे जोक. आणि मग आपणच म्हणू, नवीन काही येतच नाही.

याचा अर्थ कॉमेडियनवर टीका करू नये असा नाही. तयार झालेला, प्रसिद्ध केलेला शो पूर्ण बघून खुशाल नावं ठेवा. वर सांगितलेल्या सहांचेही काही जोक आज खटकतात. पण पूर्ण झालेल्या कामावर टीका करणं वेगळं आणि तालमीचं चित्रीकरण करून फिरवणं वेगळं.

मराठीत तर हे आत्ता कुठे रुजतंय. भाडिपासारख्या चॅनल्सनी मराठी स्टँडअप यूट्यूबवर आणलं, पुण्या-मुंबईबाहेरही मुलं माइक धरायला लागली आहेत. त्यांच्यात एखादा प्रायर असेलही. पण आधी तो कुठल्यातरी कॅफेच्या वरच्या मजल्यावर, चौदा लोकांसमोर सपाटून पडणार आहे.

जवळपास ओपन माइक असेल तर एकदा जाऊन या. तिकीट सिनेमापेक्षा सहसा स्वस्तच असतं. फोन खिशात ठेवा, जोक पडला तर पडू द्या. आणि खुर्च्यांची काळजी करू नका. अजून तिघं बसतील.